मूठभर म्हणजे नेमकं किती? कळण्याची भाकरी, गोधडी आणि एक वही

ज्यांना प्रवासात ऐकायला जमलं नाही, किंवा ज्यांच्या इयरफोनची एकच बाजू चालते, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. घरातली मोठी माणसं जे हाताने करतात, ते आपण लिहून कसं ठेवायचं? सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. विचारायचं, लिहायचं, झालं. पण एका भाकरीने मला दीड महिना फिरवलं.

नऊ शब्दांची रेसिपी

गेल्या डिसेंबरात मी धुळ्याजवळ आमच्या गावी गेलो होतो, मोठमायकडे. आमच्या घरात आजीला मोठमाय म्हणतात. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. तिच्या हातासारखी कळण्याची भाकरी आमच्याकडे दुसऱ्या कुणाला येत नाही. आईला येते, पण 'तशी' येत नाही, हे आई स्वतःच सांगते. म्हणून म्हटलं, या खेपेला रेसिपी घेऊनच यायची.

खान्देशाबाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे काळे उडीद, सालासकट, एकत्र दळलेलं पीठ. त्याची भाकरी राखाडी रंगाची, खमंग, आणि तोडली की आतून मऊ. सोबत ठेचा, कच्चा कांदा, आणि हिवाळ्यात भरीत. अहिराणीत आम्ही 'कयनानी भाकर' म्हणतो. ज्वारी शक्यतो दादर, म्हणजे आपल्याकडची रब्बीची ज्वारी.

तर मी वही काढली, फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, प्रमाण काय?

"चार ओंजळी जवारी, तीन मुठी उडीद."

पाणी किती?

"लागी तितलं." म्हणजे लागेल तितकं.

पण लागेल तितकं कसं कळणार?

"हातले समजस." हाताला समजतं. आणि वर मलाच विचारलं, "काय लिखी ऱ्हायना रे भाऊ?"

प्रमाणाचे सहा शब्द, पाण्याचे दोन, आणि मी जोडलेला एक 'मळा'. नऊ शब्द घेऊन मी पारोळा-एरंडोल करत जळगावला परत आलो. चार ओंजळी, तीन मुठी मोजल्या, गिरणीतून दळून आणलं. पहिली भाकरी थापतानाच कडेने चिरली. दुसरी तव्यावर टाकताना दोन तुकडे झाले. तिसरी फुगली नाही, आणि चव म्हणाल तर साध्या ज्वारीच्या भाकरीसारखी. उडीद कुठे गेले कळेना.

भाकरी चिरते का?

आधी हे समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लूटेनची जाळी तयार होते, म्हणून पोळी लाटता येते, ताणता येते. ज्वारीत ग्लूटेन नसतं. मग भाकरी एकसंध राहते कशी? मुख्यतः स्टार्चमुळे. कढत पाणी घातलं की पिठातला थोडा स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि बाकीच्या कणांना धरून ठेवतो. गार पाण्यात हे होत नाही. जुनं पीठही नीट धरत नाही. घरातल्या बायका अशा पिठाला 'विरी गेली' म्हणतात. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. एका शब्दात अख्खं निदान.

कळण्यात अजून एक मदतनीस असतो, तो म्हणजे उडीद. उडदाची डाळ भिजवून वाटली की हाताला बुळबुळीत लागते ना? इडलीच्या पिठात ते दिसतं. तोच गुण भाकरीला बांधून ठेवायला मदत करतो. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी असतं आणि उडदात ते चांगलं असतं, त्यामुळे दोन्ही मिळून जेवण जास्त पूर्ण होतं. शेतात राबणाऱ्या माणसांच्या ताटात हे पीठ उगाच आलेलं नाही.

म्हणजे माझी भाकरी चिरली, याची कारणं चार असू शकत होती. पाणी गार, पीठ जुनं, उडीद कमी, किंवा मळण्यात चूक. पीठ ताजं होतं. पाणी गरम करून पाहिलं, थोडा फरक पडला, पण 'तशी' भाकरी नाहीच झाली. उरली दोन कारणं. आणि त्या दोन्हीची उत्तरं गावी होती.

ओंजळ वजनकाट्यावर

जानेवारीत परत गेलो. या वेळी बॅगेत किचनमधला छोटा डिजिटल वजनकाटा होता. मोठमायचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा, आणि डॉक्टरांची ताकीद: चुलीजवळ जायचं नाही, धूर नाही, वाकायचं नाही, सध्या सुईदोरा नाही. बाई खाटेवर बसून पार वैतागली होती. मी तिच्यासमोर दोन डबे ठेवले आणि म्हटलं, दहा ओंजळी काढून दे, दहा मुठी काढून दे.

आकडे ऐका. तिची ज्वारीची ओंजळ सरासरी १४० ग्रॅम. उडदाची मूठ सरासरी ४६ ग्रॅम, आणि दहाही मुठी ४४ ते ४८ च्या आत. डोळ्याला पट्टी काढून आठवडाही झाला नव्हता, तरी हात एवढा पक्का!

मग माझे हात. माझी ओंजळ १७२ ग्रॅम. मूठ सरासरी ३८, आणि ती २९ पासून ४७ पर्यंत कुठेही. मोठे हात माझे, मग मूठ लहान कशी? कारण मी मूठ आवळतो. ती बोटं उघडी ठेवून, अंगठा बाहेर ठेवून, हाताचा पळा करून उचलते. 'मूठ' हा शब्द दोघांचा एकच, कृती वेगळी.

आता गणित करा. तिच्या चार ओंजळी म्हणजे ५६० ग्रॅम ज्वारी, तीन मुठी म्हणजे १३८ ग्रॅम उडीद. साधारण चारास एक. माझ्या चार ओंजळी ६८८ ग्रॅम, तीन मुठी ११४. साधारण सहास एक! मी तिची रेसिपी अक्षरशः पाळली होती आणि वेगळंच पीठ दळून आणलं होतं.

ही अडचण फक्त माझ्या घरची नाही. आपल्याकडे धान्य पूर्वी शेर-पायलीने मोजायचे. चार शेरांची एक पायली. ते माप आकारमानाचं, वजनाचं नाही, आणि गावागणिक माप बदलायचं. देशभर एकच माप असावं म्हणून १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. बाजार बदलला. पण स्वयंपाकघरात ओंजळ राहिली, कारण तिथे मोजणारे हात एकाच घरचे होते. सासूने सुनेला शेजारी बसवून शिकवलं की हात हाताशी जुळतो. फोनवर विचारून जुळत नाही.

जे तिलाही माहीत नव्हतं

प्रमाण सापडलं. दुसऱ्या दिवशी तिच्याच पिठाने मी भाकरी करायला बसलो. ती खाटेवरून सूचना देणार. आणि गंमत म्हणजे तिला सांगताच येईना. "तसं नाही, असं," म्हणायची आणि हवेत हात हलवायची. हातात पीठ नसताना तिला शब्द सापडत नव्हते.

पण त्या हवेतल्या हातांकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली. मी सगळं पीठ एकदम भिजवून मोठा गोळा करून ठेवला होता, पोळ्यांच्या कणकेसारखा. तिचे हात मात्र प्रत्येक भाकरीआधी नव्याने मळत होते. तळहाताच्या टाचेने पुढे रेटायचं, गोळा करायचं, परत रेटायचं. मी विचारलं, तू एका वेळी एकाच भाकरीचं पीठ भिजवतेस का? ती थांबली, आणि हो म्हणाली. मग हे डिसेंबरात का नाही सांगितलंस? तिचं उत्तर: ते काय सांगायचं असतं?

मला वाटतं, आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जाणत्या माणसाला जे सगळ्यात जास्त येतं, तेच तो सांगायचं विसरतो. तो लपवत नाही. त्याच्यासाठी ती 'पायरी' उरलेलीच नसते. ज्वारीचं मळलेलं पीठ ठेवून दिलं की त्याचा चिकटपणा उतरतो, म्हणून ताजं मळून लगेच थापायचं. हे कारण तिने कधी शब्दांत मांडलं नव्हतं, पण पन्नासेक वर्षं पाळलं होतं.

गोधडीचा टाका

दुपारी काम नव्हतं. कोपऱ्यात अर्धवट गोधडी पडली होती, सुईदोऱ्याच्या मनाईमुळे थांबलेली. मी म्हटलं, मी शिवतो.

गोधडीची रचना सोपी आहे. जुनी सुती लुगडी, धोतरं एकावर एक पसरायची. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके. मग कडेने सुरुवात करून धावदोरा घालत घालत आत यायचं. ऊब कापडाची कमी आणि थरांमध्ये अडकलेल्या हवेची जास्त असते. टाके त्या थरांना जागेवर धरतात. टाके फार लांब पडले तर थर सरकतात, धुतल्यावर कापडाचे बोळे होतात. जुनं कापडच का? कारण ते मऊ असतं, सुई सहज जाते, आणि नवीन सुती कापडासारखं धुतल्यावर आटत नाही.

मी विचारलं, टाका केवढा? उत्तर अर्थातच नखाएवढा. मी आता शहाणा झालो होतो. कुणाच्या नखाएवढा? तिच्या शिवलेल्या भागावर पट्टी ठेवली आणि टाके मोजले. दहा सेंटिमीटरमध्ये चौदा टाके. मग तेच दुसरीकडे मोजलं, तेरा. आणि शेवटी जिथे काम थांबलं होतं, त्या कोपऱ्यात नऊ. तिची नजर कधीपासून कमी होत गेली, ते गोधडीवर लिहिलेलं होतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती बोललीही नव्हती.

इथे मला भाकरी आणि गोधडीतला फरक कळला. भाकरी खाल्ली की पुरावा संपतो. गोधडी स्वतःच स्वतःची वही असते. टाके मोजता येतात, उलटून बघता येते. म्हणून जे मागे काही ठेवत नाही, ते आधी लिहा. भाकरी, लोणचं, ओव्या, बोली. कापड थोडं थांबेल.

मी तीन रांगा शिवल्या. मोठमायने त्यावरून बोट फिरवलं, आणि दुसरी रांग उसवायला सांगितली. काळ्या चष्म्याआडून. डोळे मिटूनही तिला कळलं असतं.

ज्यांनी ऐकून लिहिलं

संध्याकाळी टीव्ही बंद, म्हणून तिला वाचून दाखवायचं ठरलं. मी बहिणाबाईंच्या गाण्यांचं पुस्तक नेलं होतं. भाषा अहिराणी नाही, लेवा गणबोलीच्या जवळची, पण मोठमायला एकाही शब्दाला अडावं लागलं नाही. मलाच दोनदा तिला अर्थ विचारावा लागला.

तिने विचारलं, ही बाई शिकलेली होती का? नाही. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करताना गाणी सुचायची. त्यांचा मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, आणि घरातले एक मावसभाऊ, यांनी ती वहीत उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. १९५२ साली पुस्तक आलं, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ती वही नसती तर? जी गाणी कुणी लिहून घेतली नाहीत, ती गेलीच.

आणि धुळ्याचंही एक उदाहरण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसलेल्या कैद्यांमध्ये साने गुरुजी होते, आणि ते लिहून घेत होते. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. म्हणजे बघा, आपण आज ज्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतो, ते धुळ्यात तेव्हाच झालं होतं, रेकॉर्डरशिवाय.

दोन्हीकडे लिहिणारा माणूस समोर हजर होता आणि त्याला विषयाची जाण होती. नुसतं रेकॉर्डिंग पुरत नाही, हे मी डिसेंबरात अनुभवलंच. माझ्या फोनमध्ये नऊ शब्द स्पष्ट ऐकू येतात, भाकरी नाही.

स्वयंपाकाच्या पुस्तकांनीही हाच प्रश्न सोडवला. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं, त्यात हजार पाकक्रिया. १९७० साली कमलाबाई ओगलेंचं 'रुचिरा' आलं, आणि वाटी-चमच्याच्या मापाने ते घराघरांत गेलं. नव्याने संसार मांडलेल्या, सासू-आई जवळ नसलेल्या मुलींना त्याचा केवढा आधार झाला, हे तुमच्या आईला विचारा. पण प्रत्येक घरचा कळणा कुठल्याच पुस्तकात मावणार नाही. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. पण मानांकन वांग्याला मिळतं. ते पऱ्हाटीच्या काड्यांवर किती वेळ भाजायचं, ते ज्याच्या हातात आहे, ते आपल्यालाच उतरवून घ्यावं लागेल.

मग लिहायचं कसं?

माझ्या चुकांमधून निघालेले पाच नियम.

एक. विचारू नका, आधी बघा. माणूस करत असताना व्हिडिओ घ्या, आणि चेहऱ्याचा नाही, हातांचा घ्या.

दोन. त्यांना नेहमीसारखं मोजू द्या. मूठ, ओंजळ, चिमूट. ते झालं की वजन करा. किमान पाच वेळा करून सरासरी घ्या.

तीन. स्वतः करून बघताना एका वेळी एकच गोष्ट बदला. मी पाणीही बदललं आणि प्रमाणही, तर भाकरी कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही.

चार. प्रत्येक पायरीला दोन गोष्टी लिहा: आकडा आणि खूण. '९० मिली पाणी' हा आकडा. 'पीठ परातीला चिकटायचं थांबलं' ही खूण. ज्वारी बदलली, हवा बदलली की आकडा चुकतो, खूण चुकत नाही. हाताला समजतं म्हणजे हाताला खूण समजते.

पाच. लिहून झालं की ज्यांचं आहे त्यांना वाचून दाखवा.

कळण्याची भाकरी, वहीतली

दादर ज्वारी ८०० ग्रॅम, अख्खे काळे उडीद २०० ग्रॅम. दोन्ही निवडून, उन्हात चांगले वाळवून, एकत्र दळायचे. खूण: उडीद दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. दमट असेल तर दळू नका. पीठ गरम असताना डब्यात भरू नका, आणि पंधरा दिवसांत संपवा.

एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ. पाणी ८५ ते ९० मिली, कढत. खूण: बोट लावलं की पटकन मागे घ्यावं लागेल इतकं. आधी दोन तृतीयांश पाणी घालून उलथन्याने कालवा. हाताला सोसेल इतकं झालं की बाकीचं पाणी लागेल तसं घालत तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटं मळा. खूण: गोळा दाबल्यावर कडेला भेग पडत नाही. भेग पडली तर ओला हात लावून अजून मळा.

लगेच थापा, खाली पीठ भुरभुरून. तापल्या तव्यावर टाका, वरच्या बाजूला पाणी फिरवा. पाणी सुकत आलं की उलटा. खालची बाजू भाजली की तवा काढून थेट आचेवर. खूण: फुगते आणि पापुद्रा सुटतो. पुढच्या भाकरीचं पीठ आता भिजवा, आधी नाही.

हे सगळं मी मोठमायला वाचून दाखवलं. वाचून म्हणजे काय, जळगावहून व्हॉइस नोट पाठवली, तिने मामीच्या फोनवर ऐकली. ग्रॅम, मिली, खुणा, सगळं. मला वाटलं आता शाबासकी येणार. दहा मिनिटांनी उलट व्हॉइस नोट आली, तीन शब्दांची.

"मीठ कोठे शे?"

मीठ लिहायचंच राहिलं होतं. अर्धा चमचा, एका भाकरीला नाही, चार भाकऱ्यांच्या पिठाला, पाण्यात विरघळवून. मी पण रोज घालतो, म्हणून लिहायचं सुचलं नाही. म्हणजे मलाही आता थोडी भाकरी यायला लागली म्हणायची!

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम: घरातल्या मोठ्या माणसाची एक मूठ वजनकाट्यावर मोजा आणि आकडा मला पाठवा. फोनवर विचारून नाही हं, समोर बसून. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे. त्याआधी मला बिबड्या शिकायच्यात. भेटू पुढच्या भागात!